आधी राहिलेलं, मग चहा

कोथरूडला ज्यांच्याकडे मी तीन वर्षं खोली घेऊन राहिलो, त्या काकूंनी पहिल्या भेटीत मला नाव, गाव, नोकरी यांतलं काहीही विचारलं नाही. दारातच उभ्या राहून चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "सध्या कुठलं काम टाळताय?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, "काही नाही."

"मग जमायचं नाही. काहीच टाळत नाही म्हणणारा माणूस एक तर संत असतो, नाही तर खोटारडा. संतांना मी खोली देत नाही. त्यांच्या आंघोळी फार वेळ चालतात."

मी वऱ्हाडातून आलेला. हिंजवडीत तेव्हा कंपन्यांच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या आणि मी अशाच एका कंपनीत महिन्याभरापूर्वी लागलो होतो. हॉस्टेलवर एका खोलीत सहाजण झोपत होतो. ही खोली हातची गेली असती तर पुन्हा तिथंच. म्हणून घाईघाईत जे सुचलं ते बोललो, "दाढ दुखते. दाखवायची राहिली आहे."

"किती दिवस?"

"आठ महिने."

"आता कसं बोललात," त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या.

खोली मिळाली, पण आठ दिवसांत दाढ दाखवायची या अटीवर. सातव्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा त्या चपला घालून, पिशवी घेऊन फाटकात उभ्या होत्या. गल्लीच्या टोकालाच दातांचा दवाखाना होता. माझा नंबर येईपर्यंत त्या बाकावर बसून मटार सोलत राहिल्या आणि डॉक्टरांनी मला आत बोलावलं तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "जा. इथं बसून दुखतं तेवढंच आत दुखतं."

बासष्ट वर्षांच्या, किरकोळ अंगाच्या, ताठ मानेच्या. नेसायला सुती साडी, पायात पुरुषी वाटतील अशा जाड चपला. तळमजल्यावरच्या तीन खोल्यांपैकी रस्त्याकडची माझी, उरलेल्या दोन त्यांच्या. मला शेवटपर्यंत 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणत. तेवीस वर्षांच्या पोराला कुणी 'अहो' म्हटलं की आमच्याकडे चेष्टा समजतात. पुण्यात ती समजून घ्यायला मला वर्ष लागलं, कारण कधी ती चेष्टा असायची आणि कधी नसायची.

सकाळचा चहा त्या एक राहिलेलं काम केल्याशिवाय घेत नसत. राहिलेलं म्हणजे रोजचं नव्हे. केर, पाणी, पूजा यांना त्या कामात धरतच नसत. काम मुरलेलं हवं. साडेसहाला उठायच्या, तोंड धुवायच्या आणि चहाचं आधण न ठेवता एका जुन्या डायरीचं पान उघडायच्या. त्यात एकाखाली एक अशी कामं लिहिलेली. गॅसच्या पुस्तकावर अजून वडिलांचं नाव होतं, ते बदलणं. न्हाणीघराची कडी. एका भाचीनं चार वर्षांपूर्वी लग्नाची पत्रिका पाठवली होती, तिला उत्तर.

"चार वर्षांनी काय लिहिणार?" मी विचारलं.

"पत्रिका मिळाली, येता आलं नाही, असं."

"आता त्यांना मूलबाळही झालं असेल."

"झालंय ना, मुलगी. त्याचंही लिहिते. म्हणजे दोन कामं उरकली."

एकदा त्यांना माळ्यावर एक पितळी डबा सापडला. शेजारणीनं नऊ वर्षांपूर्वी त्यातून अनारशाचं पीठ दिलं होतं. शेजारीण मधल्या काळात कोथरूड सोडून बिबवेवाडीला गेलेली. काकू तो डबा चिंचेनं घासून दोन बस बदलून तिच्याकडे गेल्या आणि साडेअकराला परत येऊन चहा प्यायल्या. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मी तुझ्यावर नऊ वर्षं रागावले होते, पण कशावरून ते विसरले होते. आता आठवलं."

"मग?"

"मग काय? डबा बघून राग गेला. अनारसे दिलेत, खा."

त्यांची पद्धत मात्र मी समजत होतो तशी कडक नव्हती. मला वाटायचं, या बाईची इच्छाशक्ती लोखंडाची आहे. एकदा त्यांनी माळा साफ करायचं काढलं, तेव्हा तो गैरसमज गेला. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त स्टूल नेऊन माळ्याखाली ठेवलं आणि चहा टाकला.

"झालं?" मी म्हणालो.

"आजचं झालं."

दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर चढल्या, वर डोकावल्या आणि उतरल्या. तिसऱ्या दिवशी एक बोचकं खाली आलं. चौथ्या दिवशी मात्र दुपारपर्यंत सगळा माळा रिकामा आणि काकू धुळीनं पांढऱ्या. "मोठ्या कामाला एकदम भिडायला जाऊ नये," त्या पदर झटकत म्हणाल्या. "आपणच पळून जातो. नुसतं जवळ जाऊन उभं राहायचं. चार दिवस उभं राहिलं की आपलीच आपल्याला लाज वाटते."

मी म्हणालो, "म्हणजे आळस असा घालवायचा."

"आळस नव्हे हो. आळस गोड असतो. रविवारी जेवून लोळता, तो आळस. त्यात मजा असते. जे काम टाळताना जेवण गोड लागत नाही, तो आळस नसतो."

"मग काय असतं?"

"भीती," त्या म्हणाल्या आणि गाळणं धुवायला वळल्या.

आमच्या सोसायटीत त्यांना थोडं वेडं समजत. सेक्रेटरी त्यांना पाहिलं की जिन्याकडे वळायचे, कारण गच्चीच्या गळतीचा विषय त्या रोज एका वाक्यात काढायच्या. एकच वाक्य, रोज, हसून. "गच्ची अजून आहे हो वर." सेक्रेटरींनी शेवटी डांबर टाकून घेतलं ते पावसाच्या भीतीनं नव्हे, त्या वाक्याच्या. लग्नाबद्दल त्यांना कुणी विचारायच्या भानगडीत पडत नसे. मी एकदा पडलो. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू, असं सांगितलं होतं. तेव्हापासून पुढचंच वर्ष चालू आहे." आणि हसल्या. त्या हसण्यात फारसं दुःख नव्हतं, पण अगदी नव्हतंच असंही मला वाटलं नाही.

आता माझं सांगायला हवं.

मी इंजिनिअर झालो नव्हतो. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा सगळे विषय सुटले होते, फक्त मागच्या वर्षाचा गणिताचा एक पेपर राहिला होता. तिसऱ्यांदा राहिला होता. नोकरी त्याआधीच, कॉलेजात कंपनी आली तेव्हा मिळालेली. निकाल लागला त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं, पास झालो. माझे वडील झेडपीच्या शाळेत शिपाई होते. त्यांनी सगळ्या शाळेला पेढे वाटले. त्यानंतर खरं सांगायला मी रोज उद्याचा दिवस ठरवत होतो.

कंपनीत मनुष्यबळ विभागातल्या एक मॅडम दर महिन्याला मेल पाठवायच्या, पदवीचं प्रमाणपत्र कधी देताय? मी उत्तर द्यायचो, विद्यापीठाकडून यायचं आहे. पहिल्यांदा हे लिहायला मला अर्धा तास लागला होता. चौथ्या वेळेला मी मागचंच उत्तर कॉपी करून टाकलं. परीक्षेचा फॉर्म माझ्या बॅगेत होता. नाव आणि मागचा बैठक क्रमांक भरलेला, पुढचा कोरा. सहा महिन्यांपूर्वीची एक परीक्षा तशीच निघून गेली होती. आता दुसरी येत होती आणि फॉर्म भरायला बारा दिवस उरले होते.

त्या काळात मी फार कामसू झालो. एका शनिवारी मी माझी खोली झाडली, खिडक्या पुसल्या, सगळे शर्ट इस्त्री केले, मग काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांचा गळका नळ दुरुस्त केला आणि तिथली फडताळं पुसायला घेतली. त्या जेवणाच्या टेबलाशी बसून बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "फार कामं करताय. काय टाळताय?"

माझ्या हातात हिंगाची डबी होती. ती मी तशीच धरून उभा राहिलो. मग खाली बसलो आणि सगळं सांगितलं. गणित, पेढे, मेल, बॅगेतला फॉर्म. सांगताना मला वाटत होतं, आता या डायरी काढतील, उद्या सकाळी चहाच्या आधी फॉर्म भरायला लावतील, आणि खरं तर मला तेच हवं होतं. कुणीतरी मानगूट धरून करून घ्यावं.

त्यांनी तसं काही केलं नाही. कितीतरी वेळ त्या टेबलावरच्या मेणकापडाची घडी बोटानं सरळ करत राहिल्या. मग उठून आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद घेऊन आल्या.

"माझंही एक आहे," त्या म्हणाल्या. "डायरीत लिहिलेलं नाही."

तो एक रहिवासी दाखला होता. सही, शिक्का, सगळं होतं. त्यावरची तारीख बारा वर्षांपूर्वीची होती.

काकूंनी एका सरकारी कचेरीत तेहेतीस वर्षं कारकुनी केली होती. हडपसरपुढच्या मांजरी गावचे एक शेतकरी मुलीसाठी दाखला काढायला आले होते. मुलीला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळत होता, दाखला ठरलेल्या दिवसापर्यंत द्यायचा होता. त्यांनी आणलेल्या रेशनकार्डावर दोन मुलींची नावं होती. काकूंनी दाखल्यावर चुकून दुसरीचं नाव घातलं. साहेबांची सही झाल्यावर ते ध्यानात आलं.

"नवा दाखला करायचा म्हणजे साहेबांपुढे जाऊन सांगायचं, माझ्याकडून चूक झाली. आमचे साहेब चूक झाली की सगळ्या कचेरीसमोर उभं करून बोलायचे. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. ते गृहस्थ मांजरीहून यायचे. मी त्यांना सांगायची, साहेब दौऱ्यावर आहेत. एकदा तर साहेब मागून चालत गेले, तेव्हा मी हे सांगत होते." त्या थांबल्या. "प्रवेशाची तारीख गेली. मग ते यायचे थांबले. मला सुटल्यासारखं वाटलं, बघा. हे सगळ्यात वाईट. मला आधी सुटल्यासारखं वाटलं."

तो दाखला टेबलाच्या खणात पडून राहिला. चार वर्षांपूर्वी निवृत्त होताना खण रिकामा केला, तेव्हा तो तळाशी सापडला. त्या दिवसापासून काकूंनी बाकीची राहिलेली कामं करायला घेतली. डबे, कड्या, पत्रिका. म्हणाल्या, "ही सगळी कामं मी केली ना, ती हे एक करायचं नाही म्हणून. तुम्ही फडताळं पुसताय, तसंच. मांजरीला जायला मी तीनदा निघाले होते. तिन्ही वेळा हडपसरला उतरून परतीच्या बसमध्ये बसले. एकटीनं नाही होत हो."

मी विचारलं, "मी येऊ का?"

त्यांनी एकदम हो म्हटलं नाही. हिंगाची डबी माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. नऊला निघू. आणि निघाल्यावर मी काहीही म्हणाले तरी गाडी वळवायची नाही."

मी ऑफिसातल्या मित्राची स्कूटर आणली. काकू मागे एका बाजूला पाय घेऊन बसल्या. पिशवी मांडीवर, दुसऱ्या हातानं माझ्या खांद्याला घट्ट धरून. स्वारगेट मागे पडलं. हडपसर आलं तेव्हा म्हणाल्या, "ऊन फार झालं, नाही का?" मी म्हणालो, "हो." पुढे म्हणाल्या, "रविवारी लोक घरी नसतात." मी गाडी चालवत राहिलो. मांजरीच्या रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं. गाडी यायची होती. तिथं त्यांनी माझा खांदा सोडला आणि खाली उतरल्या. मला वाटलं, झालं. पण त्या फाटकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या, मालगाडीचे सगळे डबे जाऊ दिले आणि परत येऊन बसल्या. "चला," म्हणाल्या.

फाटकापलीकडे एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे. पिठाच्या गिरणीवर विचारलं. गिरणीवाल्यानं पीठ झटकत विचारलं, "कुनाकडं जायचंय? त्येंचं घर हितनं सरळ जावा, चिंचेपाशी हाय. पन म्हातारं गेलं की, तीन वर्सं झाली. म्हातारी हाय."

काकूंनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. पुढे निघालो.

घरात ती म्हातारी होती. आम्ही कोण ते तिला नीट कळलं नसावं. कचेरीतून आलोय एवढं ऐकून तिनं आम्हाला ओसरीत बसवलं, पाणी दिलं आणि शेजारच्या पोरीला नव्या बिल्डिंगीत पाठवून आपल्या मुलीला बोलावून घेतलं. मुलगी आली ती तिशीची, केस घट्ट बांधलेली, चालण्यात झपाटा असलेली बाई. नाव सुरेखा. काकूंनी पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्यातलं काहीही कमी न करता. साहेब मागून चालत गेल्याचंसुद्धा.

सुरेखानं दाखला वाचला. पुन्हा वाचला. "हे तर माझ्या भनीचं, शालनचं नाव," ती म्हणाली. "एका नावापायी?"

"हो," काकू म्हणाल्या. "एका नावापायी. पाच मिनिटांचं काम होतं."

सुरेखा पायरीवर बसली. "मी नर्स झाले," ती म्हणाली. "फुडच्या वर्षी परवेश मिळाला. हडपसरच्या दवाखान्यात हाय आता, सात वर्सं झाली. तुमाला वाटलं आसंल, माझं वाटोळं झालं."

"मला काय वाटायचं ते विचारू नका," काकू म्हणाल्या.

"वाटोळं न्हाई झालं. पन एक वरीस गेलं. त्या वर्सी मी खुरपायला जात हुते. आनि दादांनी लई मनाला लावून घेतलं. त्येंना वाटायचं, आपल्याला बोलता येत न्हाई, कचेरीत कसं वागावं कळत न्हाई, म्हनून काम झालं न्हाई. कुनी ईचारलं की म्हनायचे, माझ्याच अडानीपनानं पोरीचं वरीस गेलं." ती कागदाची घडी घालत होती. "तुमी तीन वर्सं आधी आला असता, तर त्येंना कळलं असतं. चार शब्द बोलले असते तुमाला. मग जेवाय बी घातलं असतं."

काकू खाली बसल्या. बासष्ट वर्षांत ही बाई किती वेळा रडली असेल मला माहीत नाही, पण त्या दिवशी डोळ्यांना पदर लावला. ते सगळं ऐकत बसलेली म्हातारी आता उठली. तिनं मुलीच्या हातातला कागद घेतला, आत नवऱ्याच्या फोटोपाशी गेली आणि मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं, ऐकलं का? तुमची चूक नव्हती. कचेरीतल्या बाई सोता सांगाया आल्यात."

नंतर ती बाहेर येऊन म्हणाली, "च्या घेता का?"

निघताना सुरेखा अंगणाच्या फाटकापर्यंत आली. माफ केलं वगैरे ती काही म्हणाली नाही. तिच्या आवाजात थोडी धार होतीच. म्हणाली, "बाई, एवढं वाटतंय तुमाला, तर एक करा. आमच्या शेजारच्या पोरीचा दाखला तीन म्हैनं आडकलाय. तिला डीएडला जायाचंय. तेवढा काढून द्या."

"उद्या," काकू म्हणाल्या. मग स्वतःच थांबल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी दहाला. मुलीला कागद घेऊन कचेरीच्या दारात यायला सांगा. मी पावणेदहालाच असेन."

त्या गेल्या. ज्या कचेरीत तेहेतीस वर्षं टेबलाच्या आतल्या बाजूला बसल्या, तिथं पहिल्यांदा बाहेरच्या बाकावर बसल्या. टेबलावरच्या तरुण कारकुनानं सांगितलं, साहेब बैठकीत आहेत. काकू म्हणाल्या, "असू देत. मी बसते." डबा नेला होता, तो त्या पोरीबरोबर खाल्ला. दुपारी तीनला तो कारकून स्वतः बाकाशी आला. त्याच्या हातून फॉर्मवर चुकीचा शेरा पडला होता आणि ते साहेबांना सांगायला तो कचरत होता. काकूंनी मला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, "मी त्याला बोलले नाही. म्हटलं, चल, मी येते बरोबर. आत गेल्यावर तो दोन वाक्यं बोलला. साहेब 'बरं' म्हणाले. फक्त 'बरं', बघा."

पण हे सगळं सोमवारचं. रविवारी मांजरीहून परतताना, वाटेत हडपसरला एक एसटीडी बूथ दिसला, तिथं काकूंनी माझ्या पाठीवर बोट टोचलं. "थांबवा. आता तुमचं."

गावाकडे आमच्या घरी फोन होता. वडिलांनीच उचलला. काचेपलीकडे काकू रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मी वडिलांना म्हणालो, "बाबा, मी पास नाही झालो. गणिताचा पेपर राहिला आहे. मी खोटं सांगितलं." मागे आईचा आवाज ऐकू येत होता, कोण आहे म्हणून विचारत होती. यंत्रावरचे लाल आकडे पुढे सरकत होते.

वडील म्हणाले, "मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

"भेव वाटे," मी म्हणालो. इतक्या महिन्यांत मी पुण्यात वऱ्हाडी बोललो नव्हतो.

"माहं?"

"पेढ्यायचं."

त्यांनी आईला थांब म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "पेढे लोकायनं खाल्ले, थे काही वापस नाही मांगत. पेपर देऊन टाक. जेवला काय?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात त्या मॅडमना जाऊन भेटलो. मेल न करता, समोर जाऊन. त्या रागावल्या आणि त्यांचं बरोबर होतं. माझ्या बरोबरची चार मुलं त्या हिवाळ्यात परदेशी कामावर गेली, माझं नाव त्या यादीतून निघालं आणि निकाल लागेपर्यंत मला प्रोजेक्टवर न घेता दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायला बसवलं. मला ते झोंबलं. पण रात्री झोप लागायला लागली.

फॉर्म मुदतीच्या चार दिवस आधी गेला. गणिताचं पुस्तक काकूंनी जेवणाच्या टेबलावर ठेवायला लावलं. पहिल्या दिवशी नुसतं उघडायचं. दुसऱ्या दिवशी एक गणित, तेही उत्तर बघून. आठवड्याभरात मी ऑफिसची बस यायच्या आधी रोज दीड तास बसू लागलो. काकूंना त्यातलं काहीही कळत नव्हतं, पण त्या समोर बसून भाजी निवडायच्या आणि मी पेन खाली ठेवलं की निवडणं थांबवायच्या. परीक्षेला अमरावतीला गेलो तेव्हा वडील केंद्राच्या दारापर्यंत आले होते. पेपर कसा गेला ते त्यांनी विचारलं नाही. उसाचा रस पाजला.

काकूंच्या डायरीत तोपर्यंत गुरुवारांची नोंद सुरू झाली होती. दर गुरुवारी त्या मांजरीला जायच्या. सुरेखाच्या आईच्या ओसरीत सतरंजी टाकून बसायच्या आणि लोकांचे फॉर्म भरून द्यायच्या. दाखले, सातबारावरची नावं, शाळांचे अर्ज. कुणी कागद पुढच्या वेळी आणतो म्हणालं तर म्हणायच्या, "घर किती लांब आहे? जा, मी बसलेय." सुरुवातीला सुरेखा त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. मग एका गुरुवारी तिनं काकूंचं ब्लडप्रेशर तपासलं आणि मीठ कमी करायला सांगितलं. घरी येऊन काकूंनी मला ही बातमी दोनदा सांगितली.

निकाल लागला तो गुरुवारच होता. मी ऑफिस सुटल्यावर कर्वे रस्त्यावरच्या सायबर कॅफेत पाहिला, घरी फोन केला आणि काकूंना सांगायला बस स्टॉपवर जाऊन थांबलो. बस आली. गर्दी उतरली आणि सगळ्यांच्या शेवटी काकू, त्यांच्याहून दीड हात उंच अशा तीन उसांची मोळी सांभाळत, कंडक्टरशी बोलत बोलत उतरल्या.

"उसाचंही तिकीट काढा म्हणाला," मला पाहून त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, फाडा. मग फाडेना. सुरेखाच्या आईनं दिलेत. तुम्ही इथं कसे?"

"निकाल लागला."

त्या थांबल्या. रस्त्यावरून दुचाक्या जात होत्या. "किती?"

"बेचाळीस."

"पास कितीला?"

"चाळीसला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी कोरडा होता. "म्हणजे दोन जास्तच," त्या म्हणाल्या. "हे धरा." आणि तिन्ही ऊस माझ्या खांद्यावर देऊन पुढे चालू लागल्या.